दिवाळी ते होळी: भर दुपारी बंद पडणारं सोलर आणि कोमट राहणारं पाणी

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच की दुसरा ते लगेच कळेल. आभाळ निरभ्र, सोलरच्या प्लेटा स्वच्छ, सकाळी दहापर्यंत इन्व्हर्टर (प्लेटांची डीसी वीज घरात आणि लाइनवर चालणारी एसी करणारी पेटी) मुकाट काम करतो. अकराच्या सुमाराला लाल दिवा. चार-पाच मिनिटांनी हिरवा. थोड्या वेळाने पुन्हा लाल. हा लपंडाव दोन-अडीचपर्यंत चालतो आणि ऊन उतरलं की स्वारी परत शहाण्यासारखी. मोबाइलवर दिवसाचा आलेख उघडला तर दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. दिवाळी झाली की सुरू होतं, होळीच्या आसपास कोणी हात न लावता थांबतं. उन्हाळाभर काही नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

आमच्याकडे सलग दोन हिवाळे हे चाललं. त्यातच न्हाणीमागच्या, हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचं पाणीही नेमकं थंडीतच कोमट यायला लागलं. दोन्ही यंत्रं एकदमच बिघडली असं धरून मी बराच पैसा आणि त्याहून जास्त डोकं घालवलं. यंत्रं दोन्ही ठीक होती.

गाव वर्धा जिल्ह्यातलं, वस्ती हजार-बाराशेची. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते म्हणताच मीही नंबर लावला. ५४० वॅटच्या सहा प्लेटा, तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर. प्लेटा मागच्या नवीन खोलीच्या स्लॅबवर, इन्व्हर्टर तिथेच जिन्याखाली. मीटर मात्र जुन्या घराच्या ओसरीत, रस्त्याच्या बाजूला. मधे आंगण, गोठा आणि तुळशीवृंदावन. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे.

पहिल्या हिवाळ्यात ज्यांनी बसवलं त्यांचा माणूस आला. त्याने एमसीबी (जास्त वीज गेली की आपोआप पडणारा स्विच) बदलली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला, बादलीभर पाणी ओतलं आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा फोन केला तर वॉरंटीत इन्व्हर्टरच बदलून दिला. नवाही अकराला लाल. मग लाइनमनला गाठलं. त्याने ओसरीत मीटरवर टेस्टर लावला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "लाइन बराबर आहे भाऊ, तुमचं सोलरच बेकार आहे." सोलरवाला म्हणे लाइन खराब, लाइनवाला म्हणे सोलर खराब. अशा वेळी आपण मधल्यामधे मार खातो. खरं तर दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर होते.

इन्व्हर्टर लाल का होतो

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो. ढकलायचं तर त्याला स्वतःच्या टोकाला लाइनपेक्षा थोडा जास्त व्होल्टेज करावा लागतो, जसं वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटरीला जोर लावावा लागतो. पाइप बारीक असेल तर जोर जास्त. तारेचंही तेच. तार बारीक आणि लांब असली की इन्व्हर्टरच्या टोकाचा व्होल्टेज वर चढतो. एका हद्दीच्या वर गेला की इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडतो, आणि ते त्याने केलंच पाहिजे. माझ्या मशीनची हद्द २५३ आहे, म्हणजे २३० च्या ११० टक्के. काही मशीनमध्ये ती याहून वर ठेवलेली असते. तुटल्यावर ढकलणं थांबतं, व्होल्टेज खाली येतो, मशीन थोडा वेळ वाट पाहून परत जोडते, परत ढकलते, परत चढतो. लपंडाव तो हाच.

डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' अशा अर्थाचा इशारा दिसत असेल तरच पुढचं वाचा. 'नो ग्रिड' दिसत असेल आणि गावातच लाइट गेलेली असेल, तर तो बिघाड नाही. बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की बंद पडतंच. पोलावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगात तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून ही सोय आहे. आमच्या काकांना ती अजून पटलेली नाही. "ऊन आहे ना एवढं? मंग काहून बंद आहे बावा?" हे दर भारनियमनाला एकदा होतंच.

हिवाळ्यातच का

याचं उत्तर वेचणीत आहे. आमच्या गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी मुख्य लाइन, शेतीच्या फीडरपासून वेगळा केलेला आहे. नोव्हेंबरपासून सगळं गाव कापूस वेचायला वावरात. दुपारी घरं बंद, पंखे बंद, कूलर तर माळ्यावर चढवून ठेवलेले. गावठाणाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड म्हणजे दहा-बारा फ्रीज आणि पिठाची गिरणी, तीही चालू असली तर. खेड्यातल्या डीपीवर बहुतेक ११,००० / ४३३ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. डीपीतून वीज आणणाऱ्या तीन तारा निघतात, त्या फेज; कोणत्याही दोन फेजमधले ४३३ म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामधले २५०. लोड नसलेल्या डीपीजवळ २४५ व्होल्ट सापडला तर त्यात नवल नाही, तो कारखान्यातूनच तसा येतो. लोड पडला की तारांमध्ये व्होल्टेज पडून शेवटच्या घराला २२०-२३० मिळावा, हा त्यामागचा हिशोब.

एप्रिल-मेमध्ये दारोदारी कूलर सुरू होतात, व्होल्टेज दोनशेच्या आसपास येतो आणि सोलरला ढकलायला मोकळी वाट मिळते. म्हणून उन्हाळ्यात आजार आपोआप बरा होतो. बरा झाला म्हणून आपण विसरतो, आणि दिवाळीला पुन्हा कपाळाला हात. शिवाय थंडीत प्लेटा गार राहिल्याने त्या मेपेक्षा जोमाने चालतात. सिलिकॉनची प्लेट तापली की दर अंशाला तिची ताकद ०.३-०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे हिवाळ्याच्या दुपारी ढकलणारा ताजातवाना आणि घेणारा कोणी नाही.

तीन आकडे

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या पाहुण्यांपैकी एक वायरिंग करणारा पोरगा मुक्कामी होता. त्याने जे केलं ते कोणत्याच तंत्रज्ञाने केलं नव्हतं. भर दुपारी साडेबाराला, आभाळ साफ असताना, त्याने एकाच मल्टिमीटरने तीन वेळा व्होल्टेज मोजला आणि माझ्या पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला.

पहिला आकडा: इन्व्हर्टर बंद करून मीटरजवळ मोजला. २४१.

दुसरा: इन्व्हर्टर चालू, वीज बाहेर जाते आहे, मीटरजवळच. २४७.

तिसरा: इन्व्हर्टर चालू असतानाच जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या टोकाला. २५२ दिसला, बघता बघता २५५ झाला आणि खट्. लाल.

आता यांची वजाबाकी करा. २४१ हा लाइनचा स्वतःचा आकडा. कमी दाबाच्या पुरवठ्यात २३० च्या वर-खाली सहा टक्के चालतात, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४. २४१ त्यात बसतो. लाइनमनने नेमकं हेच पाहिलं होतं, तेही इन्व्हर्टर लाल असताना, म्हणून त्याला सगळं बराबर दिसलं. २४१ ते २४७ हे सहा व्होल्ट माझी वीज मीटरपासून डीपीपर्यंत ढकलताना चढले. ती पोलावरची तार, ती आपल्या हातात नाही. आणि २४७ ते २५५ हे आठ व्होल्ट माझ्याच आंगणात चढले होते. सगळ्यात मोठा तुकडा माझाच.

पोरगा इन्व्हर्टरपासून तार पकडत निघाला. जिन्याखालून गोठ्याच्या भिंतीवर, तिथून पत्र्याखालून ओसरीत. पत्र्याखाली वाकून त्याने तारेवरचं कोळिष्टक पुसलं, छापलेली अक्षरं वाचली आणि हसला. "दादाजी, ही तर तुमच्या जुन्या मोटरीची तार आहे. अडीच एमएम." बसवणाऱ्यांनी नवीन तार टाकायचा खर्च वाचवला होता. मीही तेव्हा तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो, त्यामुळे पूर्ण दोष त्यांना देता येत नाही.

अडीच एमएम (म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर) तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. आमचं अंतर ५० मीटर, पण वीज जाते आणि येते, म्हणून १०० मीटर धरायचे. झाले ०.७४ ओहम. तेव्हा इन्व्हर्टर २,८०० वॅट देत होता, म्हणजे ११ अँपिअर. ११ गुणिले ०.७४ बरोबर आठ. मल्टिमीटर आणि कागद इतके तंतोतंत जुळलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. एरवी आमच्याकडे कापसाच्या काट्यावरही जुळत नाही.

तुमचा हिशोब असाच करा. किलोमीटरमागे तांब्याच्या चार एमएमला अंदाजे ४.६ ओहम, सहा एमएमला ३.१, दहा एमएमला १.८. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून दहा एमएम ॲल्युमिनियम म्हणजे सहा एमएम तांबं समजायचं. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन-तीन व्होल्टच्या वर चढायला नको, असं मी धरून चालतो.

आम्ही सहा एमएम टाकली. आठाचे साडेतीन झाले. दहा टाकली असती तर दोनच राहिले असते, पण दुकानदाराकडे तेवढी लांब नव्हती आणि मला धीर नव्हता. दुसरा उपाय इन्व्हर्टरच मीटरजवळ आणून प्लेटांकडची डीसी तार लांबवण्याचा. डीसी बाजूला व्होल्टेज पडला तर उत्पादन किंचित घटतं, पण ग्रिडकडचा व्होल्टेज त्यामुळे चढत नाही आणि इन्व्हर्टर लाल होत नाही. ओसरीत सावली आणि हवा असेल तर हा उपाय जास्त चांगला. आमच्याकडे ओसरीत नोव्हेंबरपासून कापूस भरलेला असतो. कापसाच्या गंजीजवळ गरम होणारं यंत्र लावायची माझी हिंमत झाली नाही, तुम्हीही करू नका.

हे मोजताना हात उघड्या टर्मिनलच्या जवळ जातो. मल्टिमीटर एसीवर, मोठ्या रेंजवर, पायात कोरडी चप्पल. एवढ्यानेही भीती वाटत असेल तर गावातल्या वायरमनला बोलवा आणि तुम्ही फक्त वही धरा. तार बदलायची असेल तर आधी एसीचा स्विच पाडायचा, मग डीसीचा. प्लेटांकडून येणारी डीसी तार चालू लोडवर कधीही ओढून काढायची नाही. तिथे जी ठिणगी पडते ती एसीसारखी विझत नाही, लांबत जाते. ऊन असेपर्यंत प्लेटा बंद होत नाहीत, हे विसरून लोक भाजले आहेत.

न्यूट्रल ढिला असेल तर

वरचा सगळा हिशोब व्होल्टेज हळूहळू, उन्हाबरोबर चढत असेल तर. तो एकदम उड्या मारत असेल, २१० वरून २६५, मधेच बल्ब पिवळा पडून लखकन पांढरा होत असेल, शेजाऱ्याने मोटर लावली की तुमच्याकडे उजेड वाढत असेल, तर सोलर विसरा. डीपीवर किंवा पोलावर न्यूट्रल ढिला झालेला असतो. मग एका फेजचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बोकांडी बसतो आणि फ्रीज, टीव्ही, चार्जर एका रात्रीत जातात. मेन स्विच पाडायचा आणि १९१२ वर किंवा लाइनमनला फोन करायचा. स्वतः पोलावर चढायचं नाही, बांबूने तार हलवायची तर नाहीच. पावसाळ्यानंतर आमच्या डीपीवर हे एकदा झालं आहे. तेव्हा सोलरच्या इन्व्हर्टरने सगळ्यात आधी, बाकी कोणाला कळायच्या आत, अंग काढून घेतलं होतं.

लाइनचा आकडाच जास्त असेल तर

इन्व्हर्टर बंद असतानाही मीटरवर दुपारभर २४५-२५० दिसत असेल तर तुमची तार कितीही जाड करा, फरक थोडाच पडेल. मग वीज कंपनीकडे लेखी अर्ज. तोंडी सांगितलेलं पोलावरच राहतं. सात दिवस, दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला, इन्व्हर्टर बंद करून मीटरवरचा आकडा लिहा, तारखेसह. जमलं तर मल्टिमीटरचा फोटो. असा कागद टेबलावर पडला की साहेबाची भाषा बदलते, हा अनुभव आहे. त्यांच्या हातात दोन गोष्टी असतात. काही डीपींना व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असतो, तो एक घर खाली घेता येतो. पण तो खाली घेतला की उन्हाळ्यात शेवटच्या घरचा कूलर रडतो, म्हणून ते सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. दुसरी सोपी: तुमचं कनेक्शन जास्त लोडच्या फेजवर घेणं. एका पोलावरच्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवर पिठाची गिरणी आणि दूध संकलनाचं मशीन आहे, ते लाइनमनला पाठ असतं.

आणखी एक उपाय तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. सेटिंगमध्ये जाऊन २५३ ची हद्द वाढवून टाका. पासवर्ड मिळवणारे लोक आहेत. मी केलं नाही. लाल दिवा जाईल, पण मग तोच वाढलेला व्होल्टेज तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला दिवसभर मिळेल. ही सेटिंग वीज कंपनीच्या परवानगीशिवाय बदलायचीही नसते. आणि इन्व्हर्टर-लाइनच्या मधे घरगुती स्टॅबिलायझर तर चुकूनही बसवू नका. तो एकाच दिशेने वीज घ्यायला बनवलेला असतो. आमच्या शेजारच्या गावात एकाने बसवला. वास तीन दिवस गेला नाही.

आता पाणी

हीट पंप आमच्याकडे १५० लिटरचा आहे. नवीन वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी: फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटांएवढी उष्णता देतो, कारण वीज उष्णता बनवायला नाही, उचलायला लागते. १५० लिटर पाणी २२ अंशांवरून ५२ वर न्यायला सव्वापाच युनिट उष्णता लागते. साध्या गीझरला तेवढीच वीज लागेल, हीट पंपाला दोनच्या आतबाहेर.

बसवणाऱ्याने टायमर पहाटे साडेचारचा लावून दिला होता. आंघोळी सकाळी, म्हणून पाणी पहाटे तापवायचं, इतका सरळ विचार. पण जानेवारीत आमच्याकडे पहाटे दहा-बारा अंश असतात, कधी त्याहून खाली. उष्णता उचलायची ती हवाच गार. दुपारी तीच हवा २६-२८ अंशांची. मी टायमर सकाळी अकराचा केला आणि वेगळा मीटर लावून पाहिलं. पहाटे २.२ युनिट जायचे, दुपारी १.६. टाकीला जाड फोम आहे, दुपारचं तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे चार-पाच अंशच उतरलेलं असतं. वेचणीवरून आलेल्या बायांना संध्याकाळी हातपाय धुवायला आधी चूल पेटवावी लागे. ते थांबलं, आणि घरात या यंत्राची पत वाढली ती यामुळे, युनिटमुळे नाही.

शिवाय दुपारी हीट पंप चालला की सोलरची तीन-सव्वातीन अँपिअर वीज घरातच खपते, पोलावर जात नाही. मीटरवरचा आकडा २४७ चा २४५ झाला. एक बारीक गोष्ट: हा फायदा फक्त मीटरपासून पुढच्या तारेत मिळतो. इन्व्हर्टर ते मीटर या तारेतून वीज जायची तेवढीच जाते, त्यामुळे तिथले व्होल्ट कमी होत नाहीत. म्हणून नुसता टायमर बदलून माझा लाल दिवा गेला नसता, तार बदलावीच लागली. दोन्ही मिळून हिशोब असा झाला: २४१ लाइनचे, चार डीपीपर्यंतच्या तारेतले, साडेतीन आंगणातले. २४८-२४९. हद्दीपासून चार व्होल्ट खाली. डिसेंबरातल्या साफ दिवशी सात-साडेसात युनिटवर अडकलेलं सोलर बारा-साडेबारावर आलं.

आता कोमट पाण्याचं कारण. टायमर बदलूनही पाणी पुरेसं तापेना. कॉम्प्रेसर चालू, पंखा चालू, पाणी ३८ अंशांवर रेंगाळलेलं. मी गॅस गेला असं धरून मेकॅनिकला फोन करणार, तेवढ्यात घरच्या बाईने मागून जाळीकडे बोट दाखवलं. हवा आत घेणाऱ्या बाजूच्या पात्यांवर पांढरी गोधडी चढली होती. कापसाचा रेशा. ओसरीत साठवलेल्या कापसातून, गाडी भरताना, वाऱ्यावर उडून तो न्हाणीमागे येत होता आणि पंखा त्याला ओढून जाळीवर बसवत होता. त्यावर तुरीच्या कुटाराची धूळ. हवाच आत जात नाही तर उष्णता कुठून उचलणार? टायमर पहाटेचा होता तेव्हा खालच्या अर्ध्या जाळीवर सकाळी बर्फाचा पातळ थर धरत होता, तो मी दव समजत होतो.

मेन बंद केला, कपड्याच्या मऊ ब्रशने वरून खाली, पात्यांच्या दिशेने, आडवं नाही. ॲल्युमिनियमची पाती कागदासारखी असतात, आडवा ब्रश लागला की वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मग हळू धारेने पाणी. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन नको. हातात जो लोळा आला तो उशीत भरण्याइतका होता. त्या दुपारी पाणी ५० वर गेलं.

आता दिवाळी ते होळी दर पंधरा दिवसांनी ही सफाई असते, आणि जाळीपासून फूटभर अंतरावर शेडनेटचा तुकडा लावला आहे. जाळीला चिकटवून लावू नका, हवा गुदमरते. मच्छरदाणीचं कापडही नको, फार दाट. गॅस खरंच गेला आहे का ते ओळखायची खूण: यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत हाताला फरक कळला पाहिजे. बाहेर येणारी हवा चांगलीच गार हवी. जाळी स्वच्छ असूनही फरक नसेल तर मग मेकॅनिक. आमच्या मोत्याला हे परीक्षण येतं. मार्च लागला की तो नेमका त्या गार हवेच्या तोंडाशी पसरतो. तो उठून लिंबाखाली गेला की मी जाळी पाहतो.

बोअरचं पाणी जड असेल तर टाकीतला ॲनोड रॉड वर्षातून एकदा काढून पाहायचा. तो झिजावा म्हणूनच असतो, झिजून तार उरली असेल तर बदलायचा, नाहीतर पुढे टाकी झिजते.

एप्रिल ते जून आमचा हीट पंप बंद असतो. छतावरच्या टाकीतलंच पाणी हात भाजेल असं असताना तो चालवायचा कशाला? काही जण वर्षभर टायमर तसाच ठेवतात, मग ४५ अंशांच्या हवेत आधीच गरम पाणी तापवताना आत दाब वाढून यंत्र ट्रिप होतं आणि उन्हाळ्यात बिघडलं म्हणून तक्रार येते. तो बिघाड नव्हे. त्या दिवसांत जिन्याखालच्या इन्व्हर्टरला हवा मिळते ना एवढं बघा. मागे भुशाची पोती रचलेली असतील तर तो तापतो आणि स्वतःच उत्पादन कमी करतो. तेव्हा आलेख फणीसारखा तुटत नाही, दुपारी वरून सपाट होतो. प्लेटा पहाटे धुवायच्या. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं पाणी काचेवर वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग धरतात.

यंदाच्या हिवाळ्यात जानेवारीच्या मध्यापर्यंत एकदाही लाल झालं नाही. संक्रांतीनंतर एक दिवस झालं, मग रोज एक-दोनदा. वही काढली, तीन आकडे घेतले. आंगणातले साडेतीन तसेच. मीटरवरचे मात्र २४५ चे २५० झालेले. तार पकडून पाहायला आंगणात काहीच नव्हतं, म्हणून पोलाकडे पाहत निघालो. चार घरं सोडून एका स्लॅबवर नव्या कोऱ्या सहा प्लेटा चमकत होत्या. आमच्याच फेजवर. दोघांची वीज एकाच तारेत, एकाच दुपारी ढकलाढकली. त्यांच्याकडेही लाल दिवा लागत होता आणि त्यांच्याकडेही नुकतीच एमसीबी बदलून झाली होती. दोघांनी मिळून एकच अर्ज दिला, आकड्यांसकट. आठवड्याने तोच लाइनमन आला, यावेळी काही न बोलता वर चढला आणि त्यांची जोडणी गिरणीच्या फेजवर टाकून उतरला.